पुरात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर अडकलात तर: शेतातल्याच सामानावर दोन-तीन दिवस कसे काढायचे

जहाज फुटलं, माणूस बेटावर अडकला, आणि मग दोरी-डबा-फडकं जे सापडलं त्याच्यावर जगला, असल्या गोष्टी ऐकताना वाटतं की हे आपल्या मराठवाड्यात कशाला होतंय, आपल्याकडं तर उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात ढगाकडं बघत बसणं. पण ज्यांची वस्ती गोदावरी, मांजरा, सिंदफणा नाहीतर सीनेच्या काठाला आहे त्यांना विचारा. २००६ च्या ऑगस्टमध्ये नांदेड शहरात पाणी शिरलं होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर परंडा तालुक्यातनं माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. नदी फुगली, मागचा ओढा पण भरला, की तुमचा आखाडा बेटच झाला की हो.

हे लिहितोय ते मुख्यतः नव्या लोकांसाठी, म्हणजे पुण्या-मुंबईची नोकरी सोडून शेतात राहायला आलेले, नवीन लागलेले सालगडी, नदीकाठी पहिल्यांदाच वस्ती करणारे. जुन्या लोकांना यातलं बरंच माहिती असतंय, तरी वाचा, फोनचं आणि बॅटरीचं बहुतेक नवीन असेल.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अडकल्यावर कुठलीही वस्तू हातात घेतली की दोन प्रश्न विचारायचे: ही कशाची बनलीय, आणि हिच्यात याआधी काय होतं? पहिल्या प्रश्नानं वस्तूचा नवा उपयोग सुचतो, दुसऱ्यानं जीव वाचतो. समुद्रातल्या माणसाला दुसरा प्रश्न फारसा पडत नाही, पण आपल्या आखाड्यावरच्या निम्म्या डब्यांत कधी ना कधी फवारणीचं औषध होतं, म्हणून आपल्याला तोच आधी.

पायरी १: जागा सोडायची का नाही

घरात पाणी शिरलं नसेल आणि जागा उंच असेल तर हलू नका. वाहतं पाणी अर्धा फूट जरी असलं तरी ओढ असली की उभ्या माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते आणि दोन फुटात जीप-बोलेरो सुद्धा वाहून जाते. रोजचा पूल आहे, मला माहितीय, असं म्हणून जाणारेच जास्त जातात, कारण पाण्याखाली पूल अजून आहे का खचलाय ते वरनं दिसतच नाही.

मग लगेच तीन कामं. मेन स्विच पाडा, पण हात-पाय कोरडे असतील आणि पाणी पेटीपर्यंत आलं नसेल तरच, नाहीतर तिकडं जाऊच नका, मोटरच्या स्टार्टरकडं आणि डीपीकडं (लाइटच्या ट्रान्सफॉर्मरकडं) तर अजिबातच नाही. दुसरं, जनावरं सोडा. दावणीला बांधलेलं जनावर जागेवर बुडतंय, सोडलेलं पोहून उंचावर निघतंय, गाठी सोडत बसू नका, विळ्यानं दावं कापा. तिसरं, सामान वर चढवा: स्लॅब असेल तर स्लॅबवर, पत्र्याचं शेड असेल तर माळ्यावर किंवा ट्रॉलीत, आणि चढवताना कपडे-गाद्या नाही, आधी पाणी, पीठ, काडीपेटी, फोन, औषधगोळ्या, ताडपत्री.

पायरी २: सामानाचे तीन ढीग

पाच मिनिटं लागतात पण करा. पहिला ढीग खाण्यापिण्याचा: स्टीलची भांडी, हंडा, कळशी, घागर, जारचे २० लिटरचे कॅन, गोडेतेलाचे डबे, पाण्याच्या नाहीतर थंड्याच्या रिकाम्या बाटल्या. दुसरा ढीग बांधायचा-झाकायचा-तरंगायचा: कासरे, चऱ्हाट, ठिबकच्या नळ्या, खताची पोती, ताडपत्री, ट्रॅक्टरचं ट्यूब, जुन्या सायकलची ट्यूब. तिसरा ढीग म्हणजे ज्याच्यात औषध, तणनाशक किंवा ऑइल-डिझेल होतं ते सगळं, फवारणी पंपाची टाकी धरून. हा तिसरा ढीग लांब ठेवायचा आणि लेकरांना आधीच सांगून ठेवायचं. तीनदा धुतला तरी औषधाचा डबा पिण्याच्या पाण्याला चालत नाही, त्याचा प्लास्टिकच औषध पिऊन बसलेला असतो.

बियाण्याची पिशवी पण तिसऱ्याच ढिगात. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं गुलाबी, लाल, निळं दिसतंय ते त्याला लावलेल्या औषधानं, आणि भूक लागली म्हणून ते धुऊन शिजवायचं नाही, कोंबड्यांना पण टाकायचं नाही.

पायरी ३: पाणी, सगळ्यात आधी पाणी

अन्नाशिवाय माणूस आठवडे काढतो, पाण्याशिवाय साधारण तीनच दिवस, आणि गंमत अशी की चारीकडं पाणी असताना प्यायला नसतंय. पुराच्या पाण्यात संडासाचं, मेलेल्या जनावरांचं, शेतातल्या खता-औषधाचं सगळं मिसळलेलं असतं. विहीर आणि बोअर पण पुरात बुडाली की तीच गत.

सगळ्यात चांगलं पाणी वरनं पडतंय, म्हणून पाऊस चालू असेपर्यंत धरून घ्या. सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री चार कोपऱ्यांना बांधायची, एक कोपरा खाली, मधी थोडी खोलगट, आणि खालच्या कोपऱ्याखाली हंडा. ताडपत्रीचं पण तेच, आधी तिच्यावर काय होतं ते आठवा, फवारणीचं सामान किंवा खत झाकलेली असेल तर दुसरी घ्या. ताडपत्री नसेल तर धुतलेलं लुगडं नाहीतर धोतर ताणून बांधा आणि मधोमध एक स्वच्छ दगड ठेवा, पाणी गोळा होऊन त्या टोकातनं खाली गळतं. पत्र्यावरचं पाणी धरणार असाल तर पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, पत्र्यावर धूळ आणि पाखरांची घाण असते. पाऊस थांबल्यावर काय, हा विचार करूनच जेवढी पहिल्या ढिगातली भांडी आहेत तेवढी भरून झाकून ठेवा.

पून लिम नावाचा एक चिनी खलाशी होता. १९४२ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या महायुद्धात त्याचं जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये बुडवलं आणि हा गडी लाकडी तराफ्यावर एकटा १३३ दिवस जगला. लाइफ जॅकेटच्या कापडात पावसाचं पाणी धरायचा, टॉर्चमधली तार वाकवून मासे पकडायचा गळ केला, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा चाकू केला. आपल्याला गळाबिळाची काही गरज नाही, दोन-तीन दिवसांत कोणी ना कोणी येतंय, पण पाणी धरायची त्याची अक्कल मात्र आपल्याला जशीच्या तशी लागते.

पाऊस थांबला, साठा संपला आणि गढूळ पाण्याशिवाय काहीच नाही, मग असं करा. वाहत्या धारेतलं किंवा गोठ्याजवळचं न घेता त्यातल्या त्यात स्वच्छ जागेचं पाणी घ्या, तुरटी दोन-चार वेळा फिरवून गाळ खाली बसू द्या. मग वरचं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या घडीतनं गाळा, घडी चांगली आठ पदरी पाहिजे आणि कापड जुनं, कारण वापरून वापरून सूत फुगतं आणि विण बारीक होते. ही आजीबाईची गोष्ट नाही बरं का. बांगलादेशातल्या खेड्यांत याचा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला, आणि साडीतनं गाळलेल्या पाण्यानं कॉलरा जवळजवळ ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचं निघालं, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे कापडात अडकतात. पण बाकीचे सुटे जंतू कापडातनं जातातच, म्हणून गाळल्यावर उकळायचं, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. सरपण वाचवायचं म्हणून लोकं नुसतं कोमट करतात, त्याचा काही उपयोग नाही.

सरपणच नसेल तर दोन उपाय. गावच्या आशा कार्यकर्तीनं दिलेली मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनची) बाटली घरात असेल तर तिच्यावर लिहिलंय तसं टाका आणि अर्धा तास थांबा. नाहीतर ऊन. पारदर्शक प्लास्टिकची बाटली, एक-दोन लिटरची, लेबल काढून, पाणी भरून, झाकण लावून पत्र्यावर आडवी ठेवायची. कडक ऊन असेल तर ६ तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. पाणी मात्र स्वच्छ दिसायला पाहिजे, बाटली पेपरच्या मोठ्या मथळ्यावर उभी करून वरनं बघा, मथळा वाचता आला तर चालतंय, नाहीतर अजून गाळा. आणि हे सगळं, तुरटी, उकळी, ऊन, गाळ आणि जंतूंसाठी आहे, पाण्याला औषधाचा किंवा डिझेलचा वास असेल तर कशानंच जात नाही, ते पाणी सोडून द्या.

कोणाला जुलाब लागले तर १ लिटर शुद्ध केलेलं पाणी, सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा धरायचा, घोट घोट देत राहायचं. मीठ अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर लेकराला उलटं त्रास होतो.

पायरी ४: फोन जिवंत ठेवा

पहिला फोन लागतोय तोपर्यंत लावून घ्या. ११२, आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर सापडला तर कॉल जाऊ शकतो. कॉल नाही लागला तरी मेसेज कधी कधी जातो. मेसेज एकदाच आणि पूर्ण: गाव, तालुका, गट नंबर (सातबाऱ्यावर असतो तो), माणसं किती, त्यात लेकरं-म्हातारी-गरोदर बाई कोण, पाणी कुठपर्यंत. गट नंबर लिहायला विसरू नका, "नदीच्या अलीकडं, मोठ्या लिंबाजवळ" हे तुम्हाला कळतंय, बोटीतल्या परगावच्या जवानाला काय कळणार, गट नंबर तलाठ्याला आणि तहसीलला लगेच सापडतो. लोकेशन पाठवता आलं तर सोन्याहून पिवळं.

मग बॅटरी वाचवा. घरातले सगळे फोन एकदम चालू ठेवू नका, एक चालू बाकी बंद, आणि तो पण विमान मोडवर, दर दोन तासांनी दहा मिनिटं उघडायचा. ब्राइटनेस कमी. व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवायची हौस नंतर. फोन कोरडा ठेवायला दुधाच्या किंवा किराणाच्या जाड पिशव्या, दोन एकात एक, तोंड पिळून सायकलच्या ट्यूबच्या चकतीनं बांधायचं. ही चकती म्हणजे ट्यूब आडवी कापून काढलेलं रबर, अशा वीस-पंचवीस कापून ठेवा, लै कामाला येतात.

आता खरी माहिती. तुमच्या आखाड्यावर चार्जिंगची सोय आधीच पडून आहे, ती म्हणजे बॅटरीवरचा फवारणी पंप. त्यात बहुतेक करून १२ व्होल्टची बॅटरी असते. डुकरा-रोह्यांसाठी लावलेल्या झटका मशीनला पण तशीच, वर छोटी सोलर प्लेट. मोटरसायकलची पण १२ व्होल्टच. फोनला लागतात ५ व्होल्ट, म्हणून बॅटरीची वायर सरळ फोनला जोडायची नाही, फोन जाईल. मधी गाडीत लावायचा चार्जर पाहिजे, लायटरच्या भोकात बसतो तो, बाजारात शंभर-दीडशेला मिळतो, पावसाळ्याच्या आधी एक आणून ठेवा. त्या चार्जरच्या टोकाचं बटण म्हणजे प्लस आणि बाजूच्या दोन पत्त्या म्हणजे मायनस. दोन वायरी सोलून एक टोकाला, एक बाजूला, रबराच्या चकतीनं आवळून बांधायची आणि बॅटरीच्या लाल-काळ्याला जोडायची. उलटं जोडलं तर चार्जर जळू शकतो, एवढं बघा. पंपाची ८ अँपिअरची भरलेली बॅटरी साधा स्मार्टफोन दोन वेळा तरी भरते.

झटका मशीनवर काम करताना आधी मशीन बंद करा, कुंपणाकडं जाणाऱ्या तारेला हात लावू नका, आपल्याला फक्त बॅटरी पाहिजे. आणि सौर पंपाच्या मोठ्या पाट्यांना हात लावायचा विचार पण नको, ऊन पडलं की त्यांच्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात, मोटर बंद असली तरी.

पायरी ५: दिसा आणि ऐकू या

२०२४ साली पॅसिफिक महासागरातल्या पिकेलॉट नावाच्या एवढ्याशा बेटावर तिघं जण अडकले होते, त्यांनी झावळ्या वाळूत मांडून मोठ्या अक्षरात इंग्रजीत मदत मागितली, ते विमानातनं दिसलं आणि तिघं वाचले. आपल्याकडं स्लॅब आहे, लाल-पिवळ्या साड्या आहेत. साडी पसरा आणि कडांना विटा ठेवा, लिहायचंच असेल तर दोन-दोन हाताची अक्षरं, बारीक नको. हिरवी साडी उसात-सोयाबीनमध्ये दिसतच नाही.

उन्हात घासलेलं स्टीलचं ताट आरशासारखं चालतं. एक हात लांब करून दोन बोटांच्या मधी होडी किंवा हेलिकॉप्टर धरायचं आणि ताटाची चमक त्या बोटांवर पाडून हलवायची. रात्री टॉर्च: तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. आवाजाला ताट आणि पळी, तीन ठोके, थांबा, परत तीन ठोके, ओरडून ओरडून घसा बसवून घेऊ नका. दिवसा धूर पाहिजे तर पेटलेल्या पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) ओलं भुसकट टाका, पांढरा धूर निघतो. हेलिकॉप्टर जवळ आलं की मात्र साड्या, ताडपत्री सगळं गुंडाळून घ्या, पंख्याच्या वाऱ्यानं उडून भलतंच व्हायचं.

पायरी ६: रात्र, गारठा आणि साप

सप्टेंबरात थंडी कुठली असं वाटतं पण ओल्या कपड्यात रात्रभर वारा लागला की म्हातारी माणसं आणि लेकरं गारठतात. ओलं काढा. खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून डोक्यावरनं घ्यायची खोळ करणं सगळ्यांना येतंय, पण पोतं आधी झटकून धुऊन घ्या, युरिया-डीएपी ओल्या अंगाला चुरचुरतं. दोन रिकाम्या धान्याच्या पोत्यांत कोरडं भुसकट भरलं की गादी झाली, खालचा गारवा तुटतो.

पुरात सापांची पण घरं बुडतात आणि ते पण उंच कोरडी जागाच शोधतात, म्हणजे तुमचीच. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री झोपलेल्या माणसालाच जास्त करून चावते आणि दुखत पण नाही फारसं. बाज विटांवर चढवा, मच्छरदाणी चारीकडनं खाली खोचा. पऱ्हाट्यांत, गवऱ्यांत, भुसकटात हात घालायच्या आधी काठीनं वाजवा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, हात-पाय फळीला किंवा गुंडाळलेल्या पेपराला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि फोनवर "साप चावलाय" हे पहिलं वाक्य सांगायचं, म्हणजे घाई कळते. इलाज दवाखान्यातलं इंजेक्शनच.

चुलीचं थोडक्यात: १५ लिटरचा पत्र्याचा तेलाचा डबा, खाली एका बाजूला चौकोनी खिडकी कापा, वरनं भांडं बसेल असं तोंड, झाली चूल, विटांवर ठेवा. ओलं सरपण पेटायला कापूर नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, ट्यूब भिजली तरी पेटते पण धूर काळा आणि घाण असतो, उघड्यावरच. बंद खोलीत शेगडी-चूल पेटवून झोपायचं नाही. उजेडाला वाटीत तेल आणि कापसाची वात. सोयाबीन कच्चं खाऊ नका, पोट बिघडतं, भिजवून भरपूर शिजवा. संडासला जुनी बादली, प्रत्येक वेळी वरनं राख, आणि ती पाण्याच्या भांड्यांपासून लांबच्या कोपऱ्यात.

तरंगायचं कधी

सगळ्यात शेवटी, म्हणजे भिंत खचायला लागली आणि वर जायला जागाच नाही तेव्हा. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची लेकरं जायकवाडीच्या बॅकवॉटरमधनं थर्माकोलवर बसून शाळेत जायची हे २०२३ ला बातम्यांत आलं होतं, ते साचलेलं पाणी होतं आणि तरी जीवघेणंच होतं. वाहत्या पुरात थर्माकोल, गुळाची काहील, ट्यूब कशालाच दिशा देता येत नाही.

पण माणूस पाण्यावर ठेवायला डबे कामाचे. घट्ट झाकणाचे ५ लिटरचे दोन रिकामे कॅन काखेखाली छातीला आवळून बांधले की साधारण १० किलोची उचल मिळते, डोकं वर राहायला तेवढी बास. इथं तिसऱ्या ढिगातला डबा पण चालतो, झाकण घट्ट पाहिजे आणि बाहेरनं धुतलेला. कॅन पोटाला किंवा कंबरेला बांधायचे नाहीत, माणूस उलटा होतो. जुनी माणसं विहिरीत पोहायला शिकवताना वाळलेला भोपळा बांधायची ते हेच. ठिबकच्या नळीवर माणसाचा भार टाकू नका, गुळगुळीत असते, गाठ सरकते, माणसाला कासराच. वाहून जायला लागलात तर पाय पुढं, पाठीवर, आणि धारेच्या उलटं न लढता तिरकं काठाकडं.

पाणी उतरल्यावर

लगेच झाडलोट काढू नका. आधी सगळ्या नुकसानीचे फोटो, भिंतीवर पाणी चढल्याची खूण दिसेल असे, जनावर मेलं असेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा, कारण पंचनाम्याला हेच विचारतात. अनवाणी फिरू नका, पायाला जखम असेल तर दोन पिशव्या घालून वरनं बूट, चिखलातनं लेप्टोचा (उंदराच्या मुतातनं होणाऱ्या तापाचा) धोका असतो, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला पुरात होतो हे आवर्जून सांगा. मोटर आणि स्टार्टर वायरमननं बघितल्याशिवाय चालू करायचं नाही. विहिरीत ग्रामपंचायतीकडनं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घेईपर्यंत पिण्याला उकळलेलंच पाणी, आणि वाहून आलेला, लेबल गेलेला कुठलाही डबा तिसऱ्या ढिगातला समजायचा.